निकालाचा दिवस आणि साक्षीचा दिवस

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे तो वंदनेचा नाही, विहाराच्या बांधकामाचाही नाही. तो न्यायालयाचा आहे. आपल्यावरील अन्यायाच्या एखाद्या खटल्याचा निकाल लागतो, तेव्हा आपण काय करतो, आणि काय करावयास हवे, हा तो विषय होय. धम्माच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर मी व्याख्यानाच्या ओघात देईन. आणि ते उत्तर आपण नुकत्याच घेतलेल्या पंचशीलातच आहे, हेही दाखवीन.

प्रथम दोन निकालांची हकीकत सांगतो. २०१७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, अवघ्या सहा दिवसांच्या अंतराने, अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा व सत्र न्यायालयात हे दोन निकाल लागले.

पहिला निकाल २३ नोव्हेंबरचा. जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव आपल्या मराठवाड्याच्या सीमेलगतच आहे. तेथील नितीन आगे हा सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी २८ एप्रिल २०१४ रोजी मारला गेला. सवर्ण कुटुंबातील एका मुलीशी तो बोलतो, या संशयावरून त्याला शाळेतून नेऊन मारहाण झाली आणि त्याचा देह झाडाला लटकलेला आढळला. साऱ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. साडेतीन वर्षे खटला चालला आणि अखेर आरोपींची निर्दोष सुटका झाली. कारण काय? एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. पोलिसांपुढे जे सांगितले ते त्यांनी न्यायालयात नाकारले.

दुसरा निकाल २९ नोव्हेंबरचा. कर्जत तालुक्यातील कोपर्डी गावी १३ जुलै २०१६ रोजी मराठा समाजातील एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला होता. त्या खटल्यातील तीनही आरोपी दलित समाजातील होते. तिघांनाही फाशीची शिक्षा सुनावण्यात आली.

या दोन निकालांची आपल्या वस्त्यांमध्ये कशी प्रतिक्रिया उमटली, हे आपण जाणताच. “त्यांच्यासाठी फाशी, आमच्यासाठी सुटका, न्यायालयही त्यांचेच!” हे वाक्य त्या आठवड्यात गावोगाव बोलले गेले. त्यामागचा संताप मला समजतो. कोपर्डीनंतर, सप्टेंबर २०१६ मध्ये, नांदेड आणि लातूर येथे निघालेले विराट मूक मोर्चे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहेत. त्या मोर्चांच्या मागण्यांत मुलीच्या गुन्हेगारांना शिक्षा ही मागणी होती. तिच्याच शेजारी ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याचीही मागणी होती. एका मुलीचे दुःख आणि आपल्या संरक्षणाचा कायदा यांची अशी गाठ घातली गेली, तेव्हा आपल्या माणसांच्या मनात भीतीने घर केले. ती भीती खोटी नव्हती.

तरीही, बंधूंनो, आपण बुद्धाचे अनुयायी आहोत म्हणून दोन गोष्टी स्पष्ट बोलणे मला भाग आहे.

पहिली गोष्ट ही की, कोपर्डीच्या मुलीचे दुःख हे आपलेच दुःख आहे. तिचे मारेकरी कोणत्या जातीत जन्मले, याने तिच्या आईच्या आकांतात रतिभरही फरक पडत नाही. जो जात पाहून रडतो तो जात सोडून आलेलाच नाही. आपण जात टाकून बाहेर पडलो ते माणसाला माणसाच्या मापाने मोजण्यासाठी. म्हणून तेथे शिक्षा झाली याचे शल्य आपणास असता कामा नये. शल्य असावे ते खर्ड्यात कोणालाच शिक्षा झाली नाही याचे.

दुसरी गोष्ट ही की, “न्यायालय त्यांचेच” हे वाक्य अर्धसत्य आहे. आणि अर्धसत्य हे दुर्बलाला फार महाग पडते. न्यायाधीश गावात राहत नाही. मार त्याने पाहिलेला नसतो, किंकाळी ऐकलेली नसते. त्याच्यापुढे फक्त कागद येतो आणि साक्षीदाराचे तोंड येते. तोंड मिटले की कागदही मुका होतो. एका खटल्यात साक्षीदार शेवटपर्यंत उभे राहिले. तेथे सारा समाज त्यांच्या पाठीशी होता आणि शासनाचेही लक्ष होते. दुसऱ्या खटल्यात साक्षीदार कोसळले, कारण त्यांच्या पाठीशी कोणी नव्हते. नितीनच्या मृत्यूनंतर पुढारी खर्ड्याला गेले, निवेदने झाली, छायाचित्रे निघाली. पण साडेतीन वर्षांनी साक्षीची तारीख लागली, तेव्हा त्या दालनात बाकावर येऊन बसणारे आपले किती जण होते?

साक्षीदार का फुटतो, याचा विचार शांतपणे करू या. त्याला ‘फितूर’ म्हणून शिवी देणे सोपे आहे. परंतु आपल्या भागातील भूमिहीन माणसाचे जिणे आठवा. सोयाबीन आणि तूर ज्याच्या रानात काढावयाची, त्याच्याच भावकीविरुद्ध साक्ष द्यावयाची. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जावयाचे, आणि नेमकी त्याच दिवसांत न्यायालयाची तारीख निघावयाची. मुखेड, कंधार, अहमदपूर किंवा निलंगा तालुक्यातील खेड्यातून जिल्ह्याच्या गावी येण्यास एस.टी.चे भाडे हवे. एका दिवसाची मजुरी बुडते. आणि इतके करून वकील गैरहजर असला की पुढची तारीख मिळते. अशा पाच-सहा तारखा झाल्या की गावातला कोणी ‘मध्यस्थ’ संध्याकाळी घरी येतो, चहा घेतो आणि म्हणतो, “झाले ते झाले, तुला गावात राहायचे आहे ना?” या एका प्रश्नापुढे कित्येक खटले संपले आहेत. ज्या रात्री तो मध्यस्थ घरी येतो, त्या रात्री खटल्याचा निकाल लागतो. न्यायालयात तो पुढे केव्हातरी केवळ वाचून दाखविला जातो.

आता खैरलांजीकडे वळू. कारण तेथे आपल्या प्रतिक्रियेची दुसरी उणीव दिसते. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात असलेल्या या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुले अशी चार माणसे जमावाने मारली. घरधनी भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव अवघ्या तीन दिवसांवर आला असताना हे घडले. आणि हेही ध्यानात ठेवा की, या कुटुंबातील आई व मुलगी यांनी आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपी ओळखले होते. म्हणजे त्या साक्षीदार होत्या. साक्ष देण्याची किंमत त्यांनी प्राणांनी चुकती केली.

खटला भंडाऱ्यास चालला. १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जण दोषी ठरले, तिघे सुटले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. त्या दिवशी अनेक ठिकाणी आपल्या लोकांनी समाधान व्यक्त केले. सहा फाशी! एवढी मोठी शिक्षा! परंतु त्याच निकालपत्रात असेही म्हटले होते की, ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा सिद्ध होत नाही. हा जातीचा गुन्हा नसून सूडाचा गुन्हा आहे. आम्ही फास मोजीत बसलो आणि हे वाक्य थोड्याच जणांनी वाचले. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली, तेव्हा मात्र पुन्हा संताप उसळला. भैयालाल भोतमांगे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवीत राहिले आणि २० जानेवारी २०१७ रोजी त्यांचे निधन झाले.

माझे म्हणणे असे की, फास हे न्यायाचे माप नव्हे. खैरलांजीत खरा प्रश्न ‘किती जणांना फाशी’ हा नव्हता. ‘हा गुन्हा जातीमुळे घडला, हे राज्याने मान्य केले काय’ हा होता. ज्यांनी निकालपत्र वाचले, ज्यांनी कायद्यातील फट दाखविली, त्यांचे काम पुढे उपयोगी पडले. पूर्वीच्या कायद्यात, मोठ्या गुन्ह्यासाठी वाढीव शिक्षा व्हावयाची तर, तो गुन्हा पीडिताच्या जातीच्या कारणावरून केला हे सिद्ध करावे लागे. आणि मनातले कारण सिद्ध करणे किती कठीण, हे कोणीही सांगेल. पुढे संसदेने कायद्यात सुधारणा केली व ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. आता पीडित अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे पुरेसे आहे; आणि आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर ते त्याला ठाऊक होते, असेच न्यायालय धरून चालते; उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो. खेड्यात कोण कोणाला ओळखत नाही?

निकाल वाचून दिलेली प्रतिक्रिया काय करू शकते, याचे याहून जुने उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १९७२ साली मथुरा या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी तो निकाल ओळीनओळ वाचला, त्यातील चुका दाखविल्या आणि सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राने देशभरच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. येथे राग होता, मोर्चेही होते. परंतु रागाच्या हातात वाचलेला कागद होता.

आणि याहूनही जुना धडा परमपूज्य बाबासाहेबांचा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले होते आणि ऐन वेळी न्यायालयाचा मनाई हुकूम हातात पडला. लोक पाण्याकडे जाण्यास अधीर झाले होते. बाबासाहेबांनी काय केले? मनुस्मृतीचे दहन करून विषमतेविरुद्धचा निर्धार जगाला दाखविला. परंतु तळ्यावरचा सत्याग्रह त्यांनी तहकूब केला आणि दावा लढविला. साक्षी झाल्या, कागद झाले, अपिले झाली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांस खुले असल्याचा निर्णय कायम केला. नऊ वर्षांहून अधिक काळ! एका रात्रीचा संताप सर्वांजवळ असतो. नऊ वर्षे तारखांना हजर राहण्याची चिकाटी बाबासाहेबांजवळ होती.

आता प्रारंभी दिलेल्या वचनाकडे येतो. पंचशीलातील चौथे शील कोणते? मुसावादा वेरमणी. आपण रोज ते म्हणतो आणि ‘खोटे बोलू नये’ एवढाच त्याचा अर्थ मुलांना सांगतो. परंतु मज्झिमनिकायातील सालेय्यक सुत्तात भगवंतांनी खोटे बोलणारा कोण, हे सांगताना उदाहरण घेतले आहे ते साक्षीदाराचेच. सभेत किंवा राजदरबारात ज्याला साक्षीस बोलाविले, आणि जे ठाऊक आहे ते ठाऊक नाही म्हणाला, जे पाहिले ते पाहिले नाही म्हणाला. स्वतःसाठी, दुसऱ्यासाठी किंवा क्षुल्लक लाभासाठी असे बोलला. तो या शीलाचा भंग करणारा होय. म्हणजे साक्षीचा पिंजरा ही आपली शीलाची जागा आहे. विहारात घेतलेले शील तेथे कसाला लागते.

आणि हे शील दुहेरी आहे. ते फिर्यादीवरही बंधन घालते. शेताच्या बांधाचे भांडण असेल तर ते बांधाचेच म्हणून सांगा. जे घडले नाही ते एका शब्दानेही त्यात मिसळू नका. दहा खऱ्या फिर्यादींना एक खोटी फिर्याद बुडविते आणि कायदा मोडीत काढू पाहणाऱ्यांच्या हाती कोलीत देते.

आता कर्तव्याचे बोलू. प्रत्येक घराने आणि प्रत्येक गावच्या धम्ममंडळाने काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट दाखल्याची. “आम्ही बौद्ध झालो, आता हा कायदा आम्हाला लागू होतो काय?” ही शंका अनेक नवदीक्षित कुटुंबे विचारतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. तेव्हापासून, ज्यांची मूळ जात अनुसूचित यादीत आहे ते बौद्ध झाल्यावरही अनुसूचित जातीचेच मानले जातात आणि कायद्याचे संरक्षण त्यांना आहे. परंतु जातीचा दाखला घरात नसेल तर न्यायालयात हेच सिद्ध करता येत नाही. जात आपण मनातून टाकावी. दाखला मात्र पेटीत जपून ठेवावा.

दुसरी गोष्ट फिर्यादीची. ती त्याच दिवशी द्यावी, वाचून घ्यावी, मगच सही अगर अंगठा करावा. तिची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे. महत्त्वाच्या साक्षीदारांची जबानी दंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा. अशी जबानी पुढे फिरविणे सोपे नसते.

तिसरी गोष्ट साक्षीदाराची. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे पीडितास व साक्षीदारास प्रवासभाडे आणि बुडालेल्या मजुरीचा भत्ता मिळतो. तो मागून घ्यावा. कलम १५ अ प्रमाणे पीडितास व साक्षीदारास संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि आरोपीच्या जामिनाच्या वेळीसुद्धा पीडिताचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेस मान्यता देऊन ती देशभर लागू केली आहे. धमकी आली तर त्या योजनेखाली अर्ज करता येतो. आणि जे कायद्याने मिळत नाही ते आपण द्यावे. तारखेच्या दिवशी साक्षीदाराबरोबर गावातील चार माणसे जावीत, त्याच्या बुडालेल्या दिवसाचे धान्य मंडळाने द्यावे, ऊसतोडीस गेलेल्याला आणण्याची व्यवस्था करावी. ज्या संध्याकाळी तो मध्यस्थ चहाला येईल, त्या संध्याकाळी आपणही त्या घरात असावे.

चौथी गोष्ट निकालानंतरची. निकाल विरुद्ध गेला तर रस्त्यावर उतरण्यापूर्वी निकालपत्राची प्रत काढावी आणि जाणत्या वकिलाकडून समजून घ्यावी. या कायद्याखाली उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत नव्वद दिवसांची आहे. शोकसभेत पंधरा दिवस गेले, पुढाऱ्यांची वाट पाहण्यात महिना गेला, तर उरले किती? मोर्चा अवश्य काढा. तो आपला घटनादत्त अधिकार आहे. पण मोर्च्याच्या निवेदनात निकालातील कोणती गोष्ट चुकीची आहे आणि आपणास काय हवे आहे, हे स्पष्ट लिहिलेले असू द्या.

बंधूंनो, नांदेडच्या मातीला हे सारे नवे नाही. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. नामांतरासाठी गौतम वाघमारे यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये याच नांदेडात आत्मदहन केले. १ जून २०२३ रोजी नांदेड शहरालगतच्या बोंढार हवेली येथे अक्षय भालेराव या तरुणाचा खून झाला; गावात भीमजयंती साजरी झाल्याचा राग धरून तो झाला, अशी फिर्याद आहे. त्या खटल्याच्या गुणदोषांवर मी बोलणार नाही. ते न्यायालयाचे काम आहे. परंतु अशा प्रत्येक खटल्याच्या प्रत्येक तारखेला हजर राहणे हे मात्र आपले काम आहे.

आपण आपल्या शहीदांच्या स्मृतिदिनी मेणबत्त्या लावतो, ते योग्यच आहे. परंतु जो माणूस मारला गेला त्याला न्यायालयात तोंड नसते. त्याच्या वतीने बोलणारे तोंड फक्त साक्षीदाराचे. ते तोंड मिटू न देणे, हीच त्याला खरी वंदना होय. पुढच्या वेळी एखादा निकाल ऐकून आपण रडू किंवा हसू, तेव्हा साक्षीच्या दिवशी आपण कोठे होतो, याचे उत्तर आपल्याजवळ असावे.

इतके बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जय भीम.